सासरचा "पब" कागदोपत्री सापडतच नाही? तो बहुतेक पब नव्हताच, बिअरहाऊस होतं

हा प्रॉब्लेम आता मला तोंडपाठ झालाय. इंग्लंडात राहणारी कोणीतरी मराठी मुलगी, नवरा इकडचा, ख्रिसमसच्या जेवणाला सासूबाई सांगतात की आमच्या खापरपणजोबांचा पब होता बरं का, आणि आपल्याला तर वंशावळीचं वेड असतंच, घरातल्या कपाटात कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ बघत मोठ्या झालेल्या आपण, मग ही बाई रात्री लॅपटॉप उघडते, आडनाव टाकते, गाव टाकते, पब टाकते आणि काही म्हणजे काही मिळत नाही. परवान्यांच्या यादीत नाव नाही, जनगणनेत माणूस सापडतो तर धंदा भलताच. आणि मग मला मेसेज येतो, अगं सासूबाई फेकतायत बहुतेक.

फेकत नसतात. माझ्या तरी फेकत नव्हत्या, फक्त एक शब्द चुकला होता आणि त्या एका शब्दापायी माझे चार महिने गेले.

माझी केस ब्लॅक कंट्रीतली, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा कोळशाचा आणि लोखंडाचा पट्टा, त्यात डडलीला लागून असलेलं नेदरटन. टायटॅनिकचा मोठा नांगर जिथे घडवला आणि २० घोडे जुंपून डडली स्टेशनपर्यंत ओढत नेला ते हेच गाव. भट्ट्या, साखळ्या, खिळे, दिवसभर आगीसमोर उभी असलेली माणसं, त्यांना तहान लागणार आणि गल्लीगल्लीत बिअर मिळणार हे ओघानेच आलं. तर तिथे आमच्या सासरच्यांचा "पब". खाली मी अडकले त्याच क्रमाने लिहिते, तुम्ही कुठे अडकलाय ते बघून तिथून वाचा.

परवान्याच्या यादीत नावच नाही

सगळ्यात जास्त जणी इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे परमिट रूम वेगळी, वाइन शॉप वेगळं, बिअर शॉपी वेगळी आणि देशी दारूचं दुकान वेगळं, प्रत्येकाचा परवाना वेगळा, हे रस्त्यावरच्या पोरालाही कळतं. तिकडेही तसंच होतं, दीडशे वर्षांनी घरच्यांच्या बोलण्यात सगळ्याचा मिळून पब झाला एवढंच. जिन, रम, ब्रँडी सगळं विकणाऱ्या पबवाल्याला तिथल्या मॅजिस्ट्रेटांकडून परवाना घ्यावा लागायचा आणि तो द्यायचा की नाही हे बऱ्यापैकी त्यांच्या मर्जीवर. मग १८३० साली वेलिंग्टनच्या सरकारने बिअरचा कायदा आणला, त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून लागू. घरपट्टी भरणाऱ्या कोणीही एक्साइजकडे वर्षाला दोन गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) भरायच्या आणि स्वतःच्या घरात बिअर बनवून विकायची, मॅजिस्ट्रेटला विचारायचं कारणच नाही. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी, बिअर स्वस्त व्हावी (तिच्यावरचा करसुद्धा काढून टाकला) आणि मोठ्या ब्रुअरीवाल्यांची पकड सैल व्हावी असा सगळा विचार होता. झालं काय, पहिल्या सहा महिन्यांतच २४,००० च्या वर बिअरहाऊस निघाली आणि १८३८ पर्यंत आकडा ४६,००० च्या आसपास गेला. चांभार, सुतार, लोहार, विधवा बायका, ज्याच्याकडे पुढची खोली रिकामी त्याने बाक टाकला आणि पिंप लावलं.

आता गंमत बघा. १८२८ च्या आधीच्या पबवाल्यांची हमीपत्रं आणि रजिस्टरं मॅजिस्ट्रेटांच्या दफ्तरात बऱ्याच कौंट्यांमध्ये (कौंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) टिकलीत. पण बिअरहाऊसचा परवाना एक्साइजचा, आणि एक्साइजची ती रजिस्टरं जवळजवळ कुठेच उरलेली नाहीत. म्हणजे १८३० ते १८६९ या काळात तुमचा माणूस रोज संध्याकाळी उघडपणे, कायदेशीर, पाटी लावून बिअर विकत होता आणि तरीही परवान्याच्या कुठल्याच यादीत नाही. म्हणून या काळासाठी परवाने शोधत बसू नका. मी बसले होते, तीन आठवडे.

१८६९ च्या कायद्याने बिअरहाऊसही मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आली, आणि १८७२ च्या कायद्यापासून परवान्यांचं रजिस्टर ठेवणं मॅजिस्ट्रेटांच्या क्लार्कवर बंधनकारक झालं, त्यामुळे तिथून पुढची रजिस्टरं कौंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात मागून बघता येतात. जी बिअरहाऊस १ मे १८६९ ला आधीपासून चालू होती त्यांना ठरावीक चार कारणांशिवाय नाकारता येत नव्हतं, त्यामुळे कितीतरी जुनी घरं तशीच पुढे चालू राहिली आणि नंतरच्या कागदांत त्यांच्यापुढे ही १८६९ आधीची असा शेरा दिसला तर तो सोन्यासारखा जपा, कारण त्याचा अर्थ घर त्या तारखेच्या आधीपासूनचं आहे.

आणि हे खास सांगते, १८६९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरची स्थानिक वर्तमानपत्रं काढा. पहिल्यांदाच या सगळ्या लोकांना मॅजिस्ट्रेटसमोर यावं लागलं, त्या बैठकांच्या बातम्या आल्या, कोणाला मिळाला कोणाचा अडला हे नावानिशी. ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हला पैसे पडतात पण एका महिन्याचं घेतलं तरी काम होतं, बऱ्याच लायब्ररीत तर फुकट बघायला मिळतं. शोधताना बिअरहाऊस हा शब्द जोडून, तोडून आणि मधे रेघ देऊन असा तिन्ही प्रकारे टाका आणि माणसाच्या नावाऐवजी गल्लीचं नाव टाका, कारण जुन्या छपाईत आडनावांची वाट लागलेली असते.

जनगणनेत धंदा भलताच लिहिलाय

आमचा गडी १८५१ ला खिळे करणारा, १८६१ ला पण खिळे करणारा. मी म्हटलं संपलं, चुकीचा माणूस.

चुकीचा नव्हता. तिकडे खिळे घरामागच्या छोट्या भट्टीतच करायचे, म्हणजे हा मागे ठोकत बसलाय आणि पुढच्या खोलीत बायको बिअर ओततेय. बायकोच्या धंद्याचा रकाना मात्र कोरा, कारण नवऱ्याचा धंदा लिहिला की झालं अशी पद्धत. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बाईपुढे "घरकाम" लिहितात ना, तसंच. म्हणून जनगणनेत एकट्या पुरुषाचा धंदा वाचू नका, अख्खं घर वाचा: एखादी मोलकरीण आहे का (खिळेवाल्याच्या घरी मोलकरीण? पैसा कुठून आला?), दोन-तीन भाडेकरू आहेत का, घर कोपऱ्यावरचं आहे का. आणि नवरा गेल्यानंतरची पुढची जनगणना तर बघाच, कारण विधवेच्या नावापुढे मग एकदम खरा धंदा उगवतो. आमच्याकडे १८७१ ला तसंच झालं, विधवा, पुढे लिहिलंय बिअरहाऊस चालवते. मी रात्री एक वाजता नवऱ्याला उठवलं.

शब्दांकडे पण लक्ष द्या. बिअर सेलर, बिअर रिटेलर, बिअरहाऊस कीपर हे आपले लोक. लायसन्स्ड व्हिक्चुअलर म्हणजे पूर्ण परवानावाला, तो शब्द दिसला तर माणूस एक पायरी वर चढलाय (किंवा लिहिणाऱ्यापुढे फुशारकी मारलीय). हकस्टर म्हणजे मिडलंड्समधला किराणा-भुसार छाप दुकानदार, यातले काही बिअरही विकायचे पण फक्त घरी न्यायला. १८३४ च्या कायद्यात ती फोड झाली, बसून प्यायचा परवाना तीन गिनी आणि घरी न्यायचा एक गिनी. या भागात त्या दुकानाला आउटडोअर म्हणतात, पोरांच्या हातात बिअरसाठी रिकामा जग (भांडं) देऊन पिटाळायचे तिकडे. १८४१ ची जनगणना वापरत असाल तर त्यात १५ वर्षांवरच्या माणसांचं वय साधारण पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलंय, ३४ चा माणूस ३० दिसतो, त्यावरून माणूस बाद करू नका.

पबचं नाव कोणालाच माहीत नाही, किंवा माहीत आहे पण त्या नावाचे पन्नास आहेत

क्राउन, रॉयल ओक, स्वान. शुभेच्छा.

खरं म्हणजे कितीतरी बिअरहाऊसना नावच नव्हतं. दारावर मालकाचं नाव आणि बिअर विकायचा परवाना आहे एवढी पाटी, बास. डिरेक्टरी (म्हणजे गावोगावच्या धंदेवाल्यांच्या छापील याद्या, केली, पिगॉट, व्हाइट, स्लेटर यांच्या, बऱ्याच लेस्टर विद्यापीठाने स्कॅन करून फुकट ठेवल्यात) उघडली की पबवाल्यांची यादी पबच्या नावासकट असते आणि बिअर रिटेलरांच्या यादीत नुसतं माणसाचं नाव आणि गल्ली. त्यामुळे पबच्या नावाने शोधणं हाच मुळात चुकीचा रस्ता. शिवाय लोक बाईच्या किंवा बुवाच्या नावानेच ओळखायचे. नेदरटनलाच ओल्ड स्वान आहे, त्याला आजही सगळे मा पार्डो म्हणतात, तिथल्या मालकीणबाईंच्या नावावरून, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या इंग्लंडात घरचीच बिअर करणारे जे चार पब उरले होते त्यातला तो एक. तर सासूबाईंनी सांगितलेलं नाव हे पाटीवरचं नाव असेलच असं नाही, सासऱ्यांच्या आत्याने ठेवलेलं असू शकतं.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडले. घराच्या जुन्या कागदात मागच्या बाजूला ब्रूहाऊस लिहिलेलं मिळालं आणि मी नाचले, म्हटलं हे स्वतः बिअर बनवायचे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, अगं आमच्याकडे ब्रूअस म्हणजे कपडे धुवायची खोली. ब्लॅक कंट्रीत आणि बर्मिंगहॅममध्ये हा शब्द धुण्याच्या खोलीलाच वापरतात. त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर विसंबू नका.

सगळं बरोबर आहे पण रेकॉर्ड ऑफिस म्हणतं आमच्याकडे नाही

कौंटी तपासा. हे हसण्यावारी नेऊ नका. डडली चारही बाजूंनी स्टॅफर्डशायरने वेढलेलं असूनही होतं वूस्टरशायरमध्ये, बेटासारखं, १९६६ पर्यंत. नेदरटन डडलीत म्हणून तेही वूस्टरशायर, आणि पलीकडच्या टेकडीवरचं राउली रेजिस स्टॅफर्डशायर. शेजारचं हेल्सओवेन तर १८४४ पर्यंत श्रॉपशायर! वर आणखी गोंधळ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा डडली जिल्हा या सीमा बघतच नाही, त्यात टिप्टन, सेजली, राउली सगळे आले. म्हणजे दाखल्यावर डडली लिहिलंय म्हणून घर डडलीतच होतं असं नाही. मी चुकीच्या कौंटीच्या दफ्तरखान्यात दोन वेळा खेपा घातल्या आणि तिथल्या बाईने शेवटी नकाशा काढून दाखवला. बेळगाव-निपाणीवाल्यांना हे समजवायला नको.

पत्ता आहे पण ते घर सापडत नाही

घरांचे नंबर बदलले, गल्ल्यांची नावं बदलली. लंडनला तर १८५५ नंतर मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सने एकसारख्या नावाच्या गल्ल्यांची नावं बदलायचा सपाटाच लावला, माझ्या एका मैत्रिणीने हॅकनीत चुकीच्या घरासमोर उभं राहून फोटो काढला होता, तो अजून त्यांच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये आहे आणि तिला सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचेसुद्धा जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट आहेत. मोठ्या प्रमाणाचे शहरांचे नकाशे असतील तर पब्लिक हाऊसला पी.एच. आणि बिअरहाऊसला बी.एच. अशी अक्षरं असतात. जनगणनेचा माणूस ज्या क्रमाने दारोदार फिरला तो क्रम घ्या, नाव माहीत असलेला एखादा पब किंवा चॅपल धरा, तिथून घरं मोजत या. नंबर बदलले तरी शेजारी एकदम बदलत नाहीत.

आणि रेट बुक. याला आपण ग्रामपंचायतीचा नमुना आठ समजू, मालक कोण, राहतो कोण, आकारणी किती. मालकाच्या रकान्यात ब्रुअरी दिसली तर तुमचा माणूस भाडेकरू, त्यांचीच बिअर विकायला बांधलेला. यातून एक झटपट परीक्षाही होते: १८४० पासून बिअरहाऊसच्या घराची आकारणी एका मर्यादेच्या खाली चालत नव्हती, १०,००० च्या वर लोकवस्ती असेल तर वर्षाला १५ पौंड, २,५०० ते १०,००० मध्ये ११, बाकी ठिकाणी ८. तुम्ही पकडलेलं घर मोठ्या गावात चार पौंडांचं निघालं तर ते बिअरहाऊस नव्हतं, शेजारचं बघा.

विसाव्या शतकात घर गायब झालं असेल तर १९०४ चा कायदा आठवा. जास्त झालेली घरं बंद करायची आणि भरपाई द्यायची असं ठरलं, त्या भरपाईच्या फाइलींत मालक, चालक, धंदा किती, सगळं मिळतं. आणि १९१० च्या फायनान्स अॅक्टनंतर झालेल्या मोजणीच्या वह्या लंडनमधल्या क्यू या भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आयआर ५८ या मालिकेत आहेत, त्यात खोल्यांचं वर्णनसुद्धा असतं.

तरीही काहीच नाही

मग या दोन ठिकाणी जा. एक म्हणजे लंडन गॅझेट. नाव लंडन पण साऱ्या देशाच्या दिवाळखोरीच्या नोटिसा त्यात, शोधायला फुकट. कर्ज बुडालेल्या माणसाचे आधीचे सगळे पत्ते आणि सगळे धंदे ओळीने छापलेले असतात, आधी अमुक गल्लीत बिअर विकणारा, मग तमुक गल्लीत बिअर विकणारा आणि कोळशाचा व्यापारी, मग भाड्याच्या खोलीत बेकार. वाचून वाईट वाटतं, पण एवढं व्यवस्थित चरित्र एरवी कोणी लिहून ठेवत नाही. बिअरहाऊसवाले बुडायचे पण खूप.

दुसरं म्हणजे मृत्यूच्या चौकशीच्या बातम्या. तेव्हा कॉरोनर (अचानक किंवा संशयास्पद मृत्यू तपासणारा अधिकारी) ही चौकशी जवळच्या पबात किंवा बिअरहाऊसमध्येच घ्यायचा, जागा तीच मोठी. बातमीत येतं की अमक्याच्या घरी, जो बिअरहाऊस चालवतो, चौकशी झाली. ज्या घराला नाव नाही त्याचा पुरावा असा भलत्याच माणसाच्या मरणातून मिळतो.

आमचं कोडं सुटलं ते मात्र लग्नाच्या दाखल्याने. १ जुलै १८३७ पासूनच्या लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या आणि बायकोच्या दोघांच्याही वडिलांचा धंदा असतो. मी कायम नवऱ्याच्या बापाचा रकाना वाचत होते, आपली सवय. तो खिळेवाला. चार महिन्यांनी शेजारचा रकाना वाचला, बायकोचा बाप: बिअर सेलर. घर तिच्या बापाचं! हा गडी घरजावई म्हणून आला, मागे भट्टी टाकली, बिअर आधी सासऱ्याने आणि मग बायकोने विकली. नवरा १८६८ ला वारला, १८६९ च्या बातमीत परवाना हिच्या नावावर, आणि मग १८७३ ला हिने दुसरं लग्न केलं तशी परवान्यावर नव्या नवऱ्याचं नाव आलं. १८८१ ला तेच घर, तीच बाई, आडनाव तिसरंच. म्हणून तर सासरच्या आडनावाने काही मिळत नव्हतं, त्या आडनावाचा तिथे परवाना होता तो जेमतेम चार वर्षं. तुमच्याकडेही घर मधेच "दुसऱ्याला विकलं" असं दिसत असेल तर आधी विधवेचं दुसरं लग्न झालं का ते बघा, मग विक्रीचं.

सासूबाईंना सगळं कागदासकट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, म्हणजे पब आमच्याकडचा नव्हताच, तिच्या माहेरचा होता. मी म्हटलं हो. मग जरा वेळाने म्हणाल्या, मग आता तिच्या माहेरचं शोध.

ते चालू आहे. बापाचं नाव १८३९ च्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मिळालंय, धंदा लिहिलाय चांभार. घर कोपऱ्यावरचं आहे.